हुकमाचं कार्ड

व्हाइस सिटी, काउंटर-स्ट्राइक, रोड रॅश... तेच गेम, त्याच जमान्यातल्या मशीनवर पुन्हा खेळायचेत? मग ग्राफिक्स कार्डाचा फंडा आधी समजून घ्या. इथे सगळ्यात भारी कार्ड म्हणजे सगळ्यात योग्य कार्ड, असं अजिबात नसतं!

रेट्रो म्हटलं की कुणाला राजदूत मोटरसायकल आठवते, कुणाला कॅसेट प्लेअर. आपल्यातल्या बऱ्याच जणांना मात्र आठवतो पिवळट पडलेला कॅबिनेट, त्याच्या शेजारचा पोट सुटलेला मॉनिटर आणि 'आता माझा नंबर' म्हणत मागे ताटकळणारी भावंडं. हल्ली या मशीन्सना पुन्हा चांगले दिवस आलेत. माळ्यावरून, भंगारातून, मित्राच्या गॅरेजमधून जुने पीसी बाहेर निघतायत, पुसले जातायत आणि पुन्हा सुरू होतायत. आणि मशीन सुरू झालं रे झालं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "यात कुठलं ग्राफिक्स कार्ड टाकू?"

नवा पीसी घेताना याचं उत्तर सोपं असतं. खिसा बघायचा आणि त्यात बसणारं सगळ्यात दणकट कार्ड उचलायचं. जुन्या मशीनचं गणित बरोबर उलटं असतं. इथे कार्डाला गेमशी जुळावं लागतं, मदरबोर्डशी जुळावं लागतं, विंडोजशी जुळावं लागतं आणि ते मशीन ज्या घरात राहणार त्या घराशीसुद्धा जुळावं लागतं. हे शेवटचं कलम कुठल्याच स्पेसिफिकेशनमध्ये छापलेलं नसतं. मला ते आमच्या पिंपळगाव राजाच्या घराने शिकवलं.

पिंपळगाव राजा हे बुलडाणा जिल्ह्यात, खामगाव तालुक्यातलं आमचं गाव. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटीचा बोलबाला सुरू झाला आणि महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांत, मोठ्या गावांत कॉम्प्युटर क्लास निघाले. आमच्या काकांनीही त्याच लाटेत घराच्या पुढच्या खोलीत टायपिंग आणि कॉम्प्युटरचा छोटासा क्लास काढला होता. क्लास कधीच बंद पडला, बाकीची मशीन्स विकली गेली, पण एक पेंटियम फोर तेवढा उरला. आता बेत असा, की दिवाळीत आणि मे महिन्यात पुणे, नागपूर, हैदराबाद अशी पांगलेली आम्ही सगळी चुलत भावंडं जमली, की तो मशीन तयार असला पाहिजे. आमच्या पोरांनाही मोबाइलच्या पलीकडे काहीतरी एकत्र बसून खेळता आलं पाहिजे.

यातली गोम कळली ना? मशीन वर्षातले दहा-अकरा महिने गावी एकटं राहणार. बिघडलं तर दुरुस्त करणारं जवळ कुणी नाही. आणि मदरबोर्ड उडाला, तर दुसरा कुठून आणायचा? म्हणून कार्ड निवडायचं ते शोसाठी नाही, टिकण्यासाठी. निवड कशी करत गेलो, ते आता ओळीने सांगतो. तुमचं मशीन ठाण्यातल्या वन-बीएचकेमध्ये असो की चिखलीच्या वाड्यात, रस्ता हाच आहे.

आधी यादी, मग खरेदी

किराणा आणायला जाताना यादी करतो, तशी गेमची यादी करा. अगदी कागदावर. आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस वादावादी झाली आणि यादी पक्की झाली : रोड रॅश, क्लॉ, एज ऑफ एम्पायर्स टू, एनएफएस टू एसई, एनएफएस पोर्शे, प्रोजेक्ट आयजीआय, काउंटर-स्ट्राइक, ईएचं क्रिकेट, जीटीए व्हाइस सिटी आणि धाकट्या चुलतबहिणीच्या हट्टाखातर प्रिन्स ऑफ पर्शियाचा 'सँड्स ऑफ टाइम'.

आता या यादीचे तीन ढीग करा.

पहिला ढीग टूडी गेमचा. रोड रॅश, क्लॉ, एज ऑफ एम्पायर्स टू. यांना थ्रीडी कार्डाचं काडीचंही देणंघेणं नाही. चित्रं रंगवायचं काम सीपीयूच करतो, कार्डाने ते फक्त मॉनिटरपर्यंत पोचवायचं. मदरबोर्डवरच्या ऑनबोर्ड ग्राफिक्सवर हे मजेत चालतात. खरं सांगायचं तर तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी याच ऑनबोर्डवर दिवस काढले. ग्राफिक्स कार्ड असलेला मित्र म्हणजे वर्गातला अंबानी!

दुसरा ढीग साधारण १९९७ ते २००० मधल्या थ्रीडी गेमचा. एनएफएस टू एसई, पोर्शे, आयजीआय आणि हाफ-लाइफच्या इंजिनवर चालणारं काउंटर-स्ट्राइक. यांना थ्रीडी कार्ड हवं, पण त्याचा जमाना फार पुढचा नको.

तिसरा ढीग २००२ नंतरचा. व्हाइस सिटी पीसीवर आली २००३ मध्ये. 'सँड्स ऑफ टाइम'ही त्याच वर्षीचा, आणि त्याला पिक्सेल शेडर नावाची चीज लागते. थोडक्यात सांगायचं तर प्रत्येक ठिपक्याचा रंग, चमक, सावली कशी काढायची, याचा छोटासा प्रोग्रॅम कार्डाच्या चिपमध्येच चालवण्याची सोय. ती नसेल तर हा गेम सुरूच होत नाही. हळू चालणं वगैरे लांबची गोष्ट.

बघा, कार्डाचं नावही न घेता निम्मी निवड इथेच झाली. यादीतला सगळ्यात हट्टी गेम कोणता, तो शोधा. कार्ड त्याच्या मापाचं घ्यायचं.

व्हूडूची जादू आणि व्हूडूचा भाव

रेट्रोवाल्यांच्या गप्पांत एक नाव आल्यावाचून राहत नाही : व्हूडू. ३डीएफएक्स या अमेरिकन कंपनीने १९९६ मध्ये पहिलं व्हूडू कार्ड आणलं आणि पीसी गेमिंगचा चेहराच बदलून टाकला. ते कार्ड फक्त थ्रीडीचं होतं. साध्या कामासाठी वेगळं टूडी कार्ड लागायचं आणि मागच्या बाजूने एक वायर टाकून दोन्ही जोडावी लागायची. १९९८ चं व्हूडू टूही तसंच. १९९९ च्या व्हूडू थ्रीमध्ये दोन्ही कामं एकाच कार्डावर, धडाक्यात चालायला लागली.

जादू होती ती ग्लाइडची. गेमने कार्डाशी बोलायची ही ३डीएफएक्सची खास भाषा. तिच्यात लिहिलेले गेम व्हूडूवर लोण्यासारखे चालायचे, आणि दुसऱ्या कुठल्या कार्डाला ती भाषा कळायचीच नाही. पण मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टथ्रीडी आणि ओपनजीएल यांनी हळूहळू ग्लाइडचं मैदान मारलं. डिसेंबर २००० मध्ये ३डीएफएक्सने आपली मालमत्ता प्रतिस्पर्धी एनव्हिडियाला विकत असल्याचं जाहीर केलं आणि खेळ खल्लास.

कंपनी गेली, नाव अमर झालं. साहजिकच कार्डाला कलेक्टरचा भाव आला. नव्या मोबाइलच्या पैशात एक जुनं कार्ड, अशी परिस्थिती! हे मी गावी दादाला फोनवर सांगितलं. दादा म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ, शेती बघतो. तो म्हणाला, "बावा, तू पुण्यात राहून राहून येडा झाला काय? त्याच्यापरीस पोराइले नवा मोबाइलच घेऊन दे ना!"

दादाचं लॉजिक सोडा, पण आमच्या यादीकडे पाहिलं तर ग्लाइडची खरी गोडी असलेला गेम एकच, एनएफएस टू एसई. तोही ग्लाइडशिवाय सॉफ्टवेअर मोडमध्ये चालतो, जसा आपण तेव्हा खेळलो होतो तसाच. उलट व्हाइस सिटी किंवा 'सँड्स ऑफ टाइम' व्हूडू थ्रीला झेपणार नाहीत. गेम चालवताना त्याची धाव १६ बिट रंगांपर्यंत, आणि शेडरचा तर पत्ताच नाही. तुमची यादी १९९६ ते ९९ मधल्या गेमची असेल, त्यात 'अनरियल'सारखे ग्लाइडवर जीव असलेले गेम असतील आणि मशीन पेंटियम टू किंवा थ्री असेल, तर व्हूडूसाठी जरूर जीव टाका. नसेल, तर लांबूनच नमस्कार!

खाच बघा, खाच!

हा भाग नीट वाचा, कारण चूक झाली तर इथे थेट धूर निघतो.

त्या काळातलं ग्राफिक्स कार्ड बहुधा एजीपी स्लॉटमध्ये बसतं. मदरबोर्डवर पांढऱ्या पीसीआय स्लॉट्सच्या शेजारचा, बहुतेक वेळा तपकिरी रंगाचा आणि जरा आत सरकलेला स्लॉट तो एजीपी. एजीपी १९९७ मध्ये आलं तेव्हा त्याचे सिग्नल ३.३ व्होल्टवर चालायचे. नंतरच्या ४एक्स पिढीत ते १.५ व्होल्टवर आले आणि ८एक्समध्ये आणखी खाली. म्हणजे एकाच नावाच्या स्लॉटला दोन वेगळे व्होल्टेज!

गफलत होऊ नये म्हणून स्लॉटमध्ये आडवी भिंत आणि कार्डाला तिच्या जागी खाच ठेवलेली असते. भिंत कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याकडे, म्हणजे मॉनिटरची वायर लागते त्या बाजूला असेल तर स्लॉट ३.३ व्होल्टचा. भिंत पुढच्या बाजूला असेल तर १.५ व्होल्टचा. कार्डाला दोन्ही खाचा असतील तर ते दोन्हीकडे चालायला हवं.

'हवं' म्हणालो, कारण काही स्वस्त कार्डांना दोन्ही खाचा असूनही ती आतून ३.३ व्होल्टच मागतात. अशी कार्डं इंटेलच्या ८४५ चिपसेटच्या बोर्डात बसवली तर बोर्ड जळू शकतो. त्या वेळच्या मदरबोर्डांच्या मॅन्युअलमध्ये तसा ठळक इशाराच छापलेला असायचा. आपण मॅन्युअल कधी उघडलं, हा भाग वेगळा!

आमच्या गावच्या पेंटियम फोरचा बोर्ड नेमका ८४५ चा निघाला. फक्त १.५ व्होल्ट. म्हणजे ३.३ व्होल्टचं एजीपी व्हूडू थ्री परवडलं असतं तरी ते इथे लावायचं नव्हतंच. उलट तुमच्याकडे पेंटियम टू किंवा थ्रीचा, ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड असेल, तर तो ३.३ व्होल्टचा. व्हूडू थ्री आणि टीएनटी टू यांचं तेच माहेर.

आणि एजीपी स्लॉटच नसेल तर? इंटेलच्या ८१० चिपसेटच्या बोर्डांवर तो नसतोच, आणि ब्रँडेड स्वस्त पीसींमध्येही बऱ्याचदा दिलेला नसायचा. घाबरू नका. व्हूडू थ्री, जीफोर्स टू एमएक्स, एफएक्स ५२०० अशा कितीतरी कार्डांच्या पीसीआय आवृत्त्या निघाल्या होत्या. वेग थोडा कमी मिळतो, पण गाडी चालते.

नाव सोनूबाई...

आता पुढचा सापळा : आकडे आणि अक्षरं. मोठा आकडा म्हणजे मोठं कार्ड, असं वाटत असेल तर थांबा.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण जीफोर्स फोर एमएक्सचं. २००२ मध्ये जीफोर्स फोर दोन रूपांत आलं, टीआय आणि एमएक्स. टीआय ४२०० हे खरंखुरं पुढच्या पिढीचं कार्ड, शेडरवालं. एमएक्स ४४० चं नाव तेच, पण आतला ऐवज बराचसा जीफोर्स टूच्या घराण्यातला. पिक्सेल शेडर नाही ते नाहीच. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! १९९९ मधला 'जीफोर्स थ्री किंवा वरचं कार्ड हवं' असं सांगणारा गेम नव्हता, पण २००३ चा 'सँड्स ऑफ टाइम' तसं सांगतो आणि एमएक्सला बाहेरच ठेवतो. व्हाइस सिटी, काउंटर-स्ट्राइक, आयजीआयसाठी मात्र हेच एमएक्स ४४० झकास. म्हणजे कार्ड वाईट नाही, फक्त नावावर भुलू नका.

दुसरं उदाहरण टीएनटी टू एम६४. मूळ टीएनटी टूपेक्षा याचा मेमरी बस निम्मा, ६४ बिटचा. मेमरी बस म्हणजे चिप आणि तिच्या मेमरीमधला रस्ता. चौपदरीचा दुपदरी केला की ट्रॅफिक तुंबणारच. हीच गोष्ट एफएक्स ५२०० ची. त्याच नावाखाली १२८ बिटचं कार्डही विकलं गेलं आणि ६४ बिटचंही. दुकानदाराला विचारून उपयोग नाही. कार्ड हातात घ्या आणि लांबट, दोन्ही कडांना पाय असलेल्या मेमरी चिप मोजा. दोन्ही बाजू मिळून आठ असतील तर बहुधा १२८ बिट, चारच असतील तर ६४. आणि 'एवढे एमबी' या मोठ्या स्टिकरला फारसा भाव देऊ नका. रस्ता अरुंद असेल तर गोदाम कितीही मोठं असून काय फायदा?

एटीआयच्या रेडिऑनमध्येही हाच खेळ. ९५००, ९७००, ९८०० ही डायरेक्टएक्स ९ ची कार्डं, पण ९२०० मात्र आधीच्या ८५०० च्या घरातलं. २००२ चं ९७०० प्रो आणि नंतरचं ९८०० प्रो म्हणजे आपापल्या वेळचे बादशहा. पण विंडोज ९८ वरच्या काही जुन्या गेमना दूरच्या धुक्याची एक खास पद्धत आणि २५६ रंगांच्या पॅलेटवर साठवलेली चित्रं लागतात. तिथे रेडिऑन अडखळतात. एनव्हिडियाची एफएक्सपर्यंतची कार्डं या दोन्ही जुन्या रीती सांभाळतात. पॅलेटची सोय पुढच्या जीफोर्स ६ पासून गेली. विंडोज ९८ साठी एनव्हिडियाचे अधिकृत ड्रायव्हरही २००५ मध्येच थांबले. म्हणून एका मशीनवर १९९७ पासून २००३ पर्यंतचे गेम चालवायचे असतील, तर एफएक्स मालिका हा सोयीचा पूल ठरतो.

ऊन, कापूस आणि एसएमपीएस

इथपर्यंत माझ्या यादीत दोन कार्डं उरली होती, जीफोर्स फोर टीआय ४२०० आणि जीफोर्स एफएक्स ५२००. कुठल्याही बेंचमार्कमध्ये टीआय ४२०० पुढे आहे, एफएक्स ५२०० त्याच्यानंतर येऊनही मागे. एफएक्स मालिकेचं नाव तसंही बदनाम. २००३ च्या एफएक्स ५८०० अल्ट्राचा पंखा इतका बोंबलायचा, की खुद्द एनव्हिडियाच्या लोकांनीच त्याची खिल्ली उडवणारा व्हिडिओ काढला होता! पुण्यातल्या फ्लॅटसाठी मी डोळे मिटून टीआय ४२०० घेतलं असतं.

पण मशीन राहणार पिंपळगाव राजाला. तिथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. धूळ आहे. लाइट जाते, आली की झटका देऊन येते. अर्थिंग धड नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. आणि वऱ्हाडातली खास गोष्ट म्हणजे दिवाळीच्या सुमारास घरात कापूस असतो. वेचणी सुरू झालेली असते आणि भाव चढेल या आशेवर बरेच शेतकरी तो घरातच साठवतात. दादाने फोनवर एवढंच बजावलं, "घरात कापूस हाये तवरक त्या खोलीत पंख्यागिंख्याचं काई लावू नोको. समदी पीज त्यातच जाऊन बसते."

झालं! कुठल्याही इंग्रजी रिव्ह्यूत न सापडलेला मुद्दा दादाने एका वाक्यात दिला. टीआय ४२०० ला छोटा, जोरात फिरणारा पंखा असतो. त्याचं वय आता वीसच्या पुढे गेलेलं, वंगण सुकलेलं. त्यात कापसाची पीज अडकली की पंखा थांबतो, आणि पंखा थांबला की भर उन्हाळ्यात चिपची भट्टी. ते कळायलाही तिथे कुणी नसतं. याउलट एफएक्स ५२०० ची कितीतरी कार्डं पंख्याशिवाय, नुसत्या ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर चालतात. फिरणारा भाग नाही, म्हणजे अडकणाराही भाग नाही. ब्रश मारला की साफ.

(बाकी एसएमपीएसला आणि सीपीयूला पंखा लागतोच. म्हणून मशीन कापसाच्या खोलीपासून लांब ठेवायचं आणि नसताना जुन्या सुती साडीच्या कव्हरमध्ये झाकायचं, हा ठराव घरात आवाजी मतदानाने मंजूर झाला.)

तिसरा मुद्दा पॉवरचा. तेव्हाचे स्वस्त एसएमपीएस आता थकलेले असतात. रेडिऑन ९७००-९८०० किंवा व्हूडू फाइव्ह ५५०० अशा दांडग्या कार्डांना स्लॉटची वीज पुरत नाही, एसएमपीएसची वेगळी वायर लावावी लागते. एफएक्स ५२०० स्लॉटमधूनच भागवतं. अशक्त एसएमपीएसवर जितकं ओझं कमी, तितकं बरं. नवा चांगला एसएमपीएस मिळत असेल तर तो आधी घ्या, कार्ड नंतर. मागे ११५ आणि २३० चं लाल बटण असेल, तर ते २३० वरच आहे ना, हे दोनदा पाहा. आणि गावी यूपीएस किंवा स्टॅबिलायझरशिवाय वायर लावूच नका.

मग चाललं काय?

एफएक्स ५२००, १२८ बिट, पंखा नाही, एजीपी. विंडोज ९८ आणि एक्सपी दोन्ही एकाच मशीनवर. जुने गेम ९८ वर, २००२ नंतरचे एक्सपीवर.

व्हाइस सिटी १०२४ बाय ७६८ वर मस्त चालते. काउंटर-स्ट्राइक, आयजीआय, पोर्शे यांना तर कार्ड घामही गाळत नाही. 'सँड्स ऑफ टाइम' सुरू होतो, पण तिथे मात्र रिझोल्यूशन ८०० बाय ६०० वर आणून इफेक्ट्स थोडे कमी करावे लागतात. टीआय ४२०० वर तो जास्त सुळसुळीत चालला असता, हे उघड आहे. पण पंधरा इंची सीआरटी मॉनिटरवर चारजणं खांद्याला खांदा लावून बघत असताना फ्रेम्स मोजायला कुणाला वेळ असतो? मॉनिटरही शक्य असेल तर सीआरटीच ठेवा. जुने गेम चौकोनी पडद्यासाठी, म्हणजे चारास तीनच्या मापाने काढलेले. वाइडस्क्रीनवर ताणले की रोड रॅशमधले बाइकवाले सगळे सुमो पैलवान दिसतात!

आणि हो, हे मशीन इंटरनेटला जोडू नका. विंडोज ९८ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये बंद केला, एक्सपीचा २०१४ मध्ये. गेम आणि ड्रायव्हर सीडीवरून किंवा पेन ड्राइव्हवरून टाका आणि विषय संपवा.

शोधायचं कुठे?

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गल्ल्या, पुण्यात जुना बाजार, आणि सगळ्यात भारी म्हणजे तालुक्याच्या गावातली कॉम्प्युटर रिपेअरिंगची दुकानं. तिथल्या पोटमाळ्यावर खोक्यात अशी कार्डं पडून असतात. व्हूडू मागितलं तर दुकानदार हसेल, पण एमएक्स ४४० किंवा एफएक्स ५२०० काही शे रुपयांत हातात पडू शकतं. हीच तर त्यांची खरी मजा. ही आपल्याकडे खपलेली, आपण खरोखर वापरलेली कार्डं. मासिकातल्या पोस्टरवरची नाहीत.

घेताना कॅपॅसिटर बघा. छोट्या डब्यांची डोकी सपाट हवीत, फुगलेली किंवा चिकट डाग असलेली नकोत. १९९९ नंतरच्या काही वर्षांत सदोष कॅपॅसिटर भरमसाट वापरले गेले आणि त्यातच कितीतरी बोर्ड गेले. शक्य असेल तर दुकानातच लावून बघा. सुरू होतानाच्या काळ्या पडद्यावर अक्षरांऐवजी विचित्र चिन्हं किंवा रंगीत ठिपके दिसले, तर मेमरी गेली समजा. सोनेरी पिना काळवंडल्या असतील तर साधं खोडरबर हळुवार फिरवा, पुसून घ्या. निम्मी 'मेलेली' कार्डं एवढ्यानेच जिवंत होतात.

हे सगळं लॅपटॉपवर नाही का चालत?

चालतं की! डॉसबॉक्सवर डॉसचे गेम चालतात, डीजीव्हूडू आणि एनग्लाइड ही सॉफ्टवेअर्स आजच्या मशीनवर व्हूडूचं सोंग हुबेहूब वठवतात. ८६बॉक्स तर अख्खा जुना पीसीच विंडोमध्ये उभा करतो. तुम्हाला फक्त गेम खेळायचा असेल, तर ऑफिसातून आल्यावर लॅपटॉप उघडा आणि मजा करा. एक रुपया घालवू नका.

जुनं मशीन लागतं ते वेगळ्या कारणासाठी. लॅपटॉप एकाचा असतो, तो घरी आला की दार लावून बसतो. गावच्या पुढच्या खोलीतलं मशीन सगळ्यांचं असतं. त्याच्यापुढे एकच खुर्ची, एकच माउस आणि घड्याळ लावून वाटून घेतलेल्या पाळ्या असतात. लोडशेडिंगच्या दिवसांत आम्ही लाइट येण्याच्या वेळेनुसार नंबर लावायचो. आता नंबर आमची पोरं लावतात आणि भांडतातही तश्शीच. त्यांना फ्रेमरेट माहीत नाही. लाइट लावल्यावर मशीन सुरू झालं पाहिजे, एवढंच त्यांना कळतं. कार्डाची खरी परीक्षा तीच.

खिशात ठेवा!

● आधी गेमची यादी, त्यातला सगळ्यात हट्टी गेम शोधा. कार्ड त्याच्या मापाचं.

● १९९६ ते ९९ चे गेम, जुना ३.३ व्होल्टचा बोर्ड : व्हूडू थ्री किंवा टीएनटी टू. खिसा हलका असेल तर टीएनटी टूच.

● २००० ते २००३, शेडर नको : जीफोर्स टू एमएक्स ४०० किंवा जीफोर्स फोर एमएक्स ४४०.

● शेडर हवा, घर थंड, देखभाल करणारं कुणी आहे : टीआय ४२००. शेडर हवा, पण ऊन-धूळ आणि वाली कुणी नाही : बिनपंख्याचं, १२८ बिटचं एफएक्स ५२००.

● बसवण्याआधी एजीपीची खाच आणि भिंत जुळवून पाहा. जोर लावावा लागला, की थांबा.

● एसएमपीएस, यूपीएस, अर्थिंग हे कार्डाच्या आधी.

● आणि घेण्यापूर्वी, मशीन जिथे राहणार तिथल्या माणसाला एक फोन करा. त्याला बेंचमार्क माहीत नसतील, पण कापूस कुठे साठवलाय ते त्याला नक्की माहीत असतं.